पलंगावरची थानकुनी

एका म्हाताऱ्या माणसाचं राहतं घर आणि अंगण मी माझ्या तोंडानं घालवलं. भांडून नाही, चहाड्या करूनही नाही. त्यांची नक्कल करून. त्यांचाच पुतण्या समोर मोबाइल धरून बसला होता, आणि मी त्याला काय म्हणावं? "थांब, माझ्या पाठीमागून उजेड येतोय. इकडे खिडकीपाशी ये. आणि मला जरा पदर नीट घेऊ दे." तेव्हा मी पंचावन्न वर्षांची होते. या वयात बाईला अक्कल आलेली असते असा एक समज आहे. माझी आमच्या इतक्या बदल्यांमध्ये कुठल्यातरी ट्रंकेत राहून गेली असावी.

माझी नात इथंच कोलकात्यात वाढली, त्यामुळे तिचं मराठी उंबऱ्यापर्यंतच येतं. ती परवा म्हणाली, "आजी, तू पहिले लोकांची अ‍ॅक्टिंग करत होतीस ना? आता का नाही करत?" मी म्हटलं, दात पडले, हवा जाते. तिला ते पटलं. खरं कारण लिहून ठेवते; वाचण्याइतकं मराठी तिला कधी आलं तर वाचेल.

आमचे हे केंद्र सरकारच्या नोकरीत. शेवटची बदली कोलकात्याला झाली. कचेरी खिदिरपूरला, गोदीच्या बाजूला. सरकारी क्वार्टरच्या भिंतींना इतकी ओल होती की कॅलेंडर लावलं तर आठवड्यात भिंत सोडून चालायला लागे. म्हणून बेहालात एक तळमजला भाड्यानं घेतला. वर घरमालक एकटे राहत. पंचाहत्तरी ओलांडलेली, अंगात बाह्यांचा गंजीफ्रॉक, कमरेला चौकड्यांची लुंगी आणि हातात खुरपं. मी त्यांना 'मेशोमोशाय' म्हणायची, म्हणजे मावशीचे यजमान. तिकडे वडीलधाऱ्या परक्या माणसाला तसंच म्हणतात. ते मला 'बौमा' म्हणत, सूनबाई. पन्नाशी उलटल्यावर मला सूनबाई म्हणणारं जगात दुसरं कुणी उरलं नव्हतं, ही एक गोष्ट मला त्यांच्यातली पहिल्यापासून आवडली. बाकीच्या आवडायला वेळ लागला.

घर बघायला गेलो तेव्हा त्यांनी भाड्याचं नाव काढलं नाही. ह्यांच्याकडे टक लावून बघितलं आणि बंगाली वळणाच्या हिंदीत विचारलं, "पोट कसं आहे?"

"कुणाचं?" हे म्हणाले.

"दोघांचं. मी भाडेकरू ठेवतोय, मला विचारायला नको?"

मग अटी सांगितल्या. नाल्यात फिनाईल ओतायचं नाही. अंगणात साबणाचं पाणी सांडायचं नाही. आणि पोटाबद्दल घरमालकाशी खोटं बोलायचं नाही. हे सगळं ते अंगणात उभं राहून सांगत होते आणि आमची नजर त्यांच्या पायांकडे होती, कारण पाय ठेवायला जागाच दिसत नव्हती. फाटकापासून पायरीपर्यंत सगळी जमीन एका बुटक्या हिरव्या पाल्यानं झाकलेली होती. लहान मुलाच्या कानाएवढी गोल पानं, कडेला कातर दिलेली, बारीक देठावर उभी. आपल्याकडे हिला ब्राह्मी म्हणतात. माझी आई तेलात उकळून आम्हा बहिणींच्या डोक्याला चोपडायची. बंगाल्यांची ती थानकुनी, आणि ते ती डोक्याला न लावता पोटात घालतात. एकूण त्यांचा हिशेब असा की पोट ठिकाणावर असलं की डोकं आपोआप राहतं.

ही वनस्पती लावावी लागत नाही, तिला आवरावं लागतं. जमिनीलगत दोरे सोडते, दोरा दर चार बोटांवर मूळ धरतो, तिथून पुढं नवा दोरा. मेशोमोशाय तिला आवरत नसत. ते माणसांना आवरत. विटांची एक वाट त्यांनी फाटकापासून केलेली होती, आणि थानकुनी ज्या बाजूनं विटांवर चढेल त्या बाजूच्या विटा उचलून दुसरीकडे मांडायचे. आम्ही राहायला गेलो तेव्हा वाट जवळपास सरळ होती. दोन वर्षांत तिला तीन वळणं पडली. गॅसच्या सिलिंडरवाल्याला सिलिंडर लोळवायची मनाई होती, तो खांद्यावर घेऊन नागमोडी यायचा आणि मला बंगालीत काहीतरी बोलायचा. ते मी कधी समजून घेतलं नाही.

पहिल्याच महिन्यात मी आपली हातभर जागा साफ केली आणि तुळशीची कुंडी ठेवली. चांगली मूठ-दोन मूठ थानकुनी उपटून फेकली, गवत समजून. ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आले, तुळशीला हात जोडले आणि कुंडी वीतभर फाटकाकडे सरकवली. तिसऱ्या दिवशी पुन्हा नमस्कार, पुन्हा वीतभर. पंधरा दिवसांत माझी तुळस रस्त्यावरच्या नळाशेजारी जाऊन उभी राहिली. मी आत आणली.

हे वेड त्यांना लागलं कुठून, तर तेही गोदीतच नोकरीला होते, माल तोलायच्या खात्यात. तरुणपणी पोट बिघडलं ते दोन वर्षं बिघडलेलंच. डॉक्टर झाले, होमिओपॅथी झाली, नोकरी जायची वेळ आली. तेव्हा गोदीच्या भिंतीबाहेर, एका फुटक्या नळाखाली ही उगवलेली होती. एका हमालानं दाखवली. रोज उपाशीपोटी वाटीभर रस घेतला आणि सहा महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर भात जेवलो, असं ते सांगत. त्याच नळाखालचा एक दोरा रुमालात बांधून बेहालाला आणला. तो लावला बायकोच्या गुलाबांच्या वाफ्यात. तीन वर्षांत गुलाब संपले.

"तिनं काही म्हटलं नाही?" मी विचारलं.

"मरेपर्यंत म्हणत होती," ते म्हणाले. "बरोबरच म्हणत होती."

पोटावरून ते माणूस ओळखत. फाटक कसं लावलं एवढ्यावरून. "पोट साफ असलेला माणूस फाटक हळू लावतो, बौमा. आपटलं की समजायचं, तीन दिवस झालेत." आमचे हे कचेरीतून येऊन फाटक लावत तेव्हा वरून आवाज यायचा, "दोन दिवस?" आणि हे, ज्यांनी नोकरीत भल्याभल्यांची जहाजं अडवून धरली, ते मान खाली घालून "हो" म्हणायचे. एकदा मासळीबाजारात, भर सकाळी, चार ओळखीच्या बायकांसमोर मला पलीकडच्या ओट्यावरून हाक आली, "बौमा, मिस्टरांची आव थांबली?" कोळणीनंसुद्धा सुरी थांबवून माझ्या तोंडाकडे पाहिलं. तो राग मी कुठं ठेवला असेल? माणसं राग मनात ठेवतात, मी नकलेत ठेवते. शाळेत मुख्याध्यापिकाबाईंची नक्कल करून बक्षीस मिळवलं होतं, तेव्हापासून माझ्या तोंडाला रक्त लागलेलं.

आणि इथं श्रोतेही होते. कोलकात्यातली मराठी माणसं मूठभर; बदलीवाले, बँकवाले, हल्ली आयटीवाले. गणपतीला आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जमायचं, आणि जमलं की तिळगूळ संपायच्या आत कुणीतरी म्हणणार, "वहिनी, होऊन जाऊ दे." मेशोमोशाय माझ्या खास यादीत पहिले. लुंगीचा सोगा धरून विटा कशा मांडतात, कोथिंबिरीची जुडी आणावी तशी थानकुनी आणून नाकाखाली कशी धरतात, 'दोन दिवस?' कसं विचारतात. बायका डोळे पुसत हसायच्या. मी घरी येताना फाटक अगदी हळू लावायची.

मग ह्यांना कावीळ झाली. उतरली, पण अन्नावरची वासना पार उडाली. भाताचा वास आला तरी तोंड फिरवायचे. दोन महिन्यांत शर्टाची कॉलर गळ्याभोवती फिरायला लागली. मला रात्रंदिवस एकच भीती, आणि ती बोलायला त्या शहरात माझ्या भाषेतलं माणूस रस्ता ओलांडून भेटेल असं नव्हतं. एका सकाळी मेशोमोशाय खाली आले, हातात वाटी. थानकुनीची पानं धुऊन, चिमूटभर कलौंजी आणि एक हिरवी मिरची घालून पाट्यावर वाटलेली. मला म्हणाले, गरम भात आणा, नुसता. वरण नको, तूप नको. बंगाल्यांच्या जेवणात कडू आधी येतं. पहिला घास कडू घेतला की जीभ जागी होते, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी स्वतः भातात ती हिरवी चटणी कालवली आणि ह्यांच्या समोर बसले.

"कडू आहे," हे म्हणाले.

"मग? औषध आहे की मिष्टान्न आहे? गिळा."

त्या दिवशी एक घास. दुसऱ्या दिवशी दोन. रोज सकाळी वाटी घेऊन यायचे, समोर बसायचे, आणि घास गिळेपर्यंत ह्यांच्या गळ्याकडे पाहायचे. दीड महिना. एक दिवस चुकला नाही. डॉक्टरांची औषधं चालू होतीच, त्यामुळे गुण कशानं आला हे मी शपथेवर सांगणार नाही. पण ज्या दिवशी ह्यांनी आपणहून "अजून थोडा भात" म्हटलं, त्या दिवशी म्हातारा उठला, वाटी उचलली आणि म्हणाला, "झालं. आता उद्यापासून मी येणार नाही, मला अंगणात काम आहे."

आता ती पाण्याची गोष्ट. हीच पुढं नडली.

बेहालात पाणी साचतं, त्यात नवल नाही. पण त्या श्रावणात तीन दिवस ओतत होता आणि गल्लीत गुडघाभर काळं पाणी आलं. आम्ही पलंगाखाली विटा लावल्या, सामान वर चढवलं. अंगण बुडायला लागलं तसे मेशोमोशाय खुरपं घेऊन पाण्यात उतरले आणि सगळी थानकुनी मुळासकट, मातीसकट, दोऱ्यादोऱ्यानं उपसायला लागले. बादल्या भरल्या. घमेली भरली. झाकण नसलेला कुकर, मेलेल्या बायकोचं पूजेचं ताम्हन, आंघोळीचा टब, सगळं भरलं. मी दुपारी खिचडी घेऊन वर गेले तेव्हा पाहिलं, खोलीत जमीन दिसत नव्हती. पलंगावरची गादी काढलेली, फळ्यांवर प्लास्टिक अंथरलेलं, त्यावर चार बोटं चिखल आणि चिखलात थानकुनी. तिला उजेड हवा म्हणून खिडक्या सताड उघड्या. खिडक्या उघड्या म्हणून पाऊस आत. पाऊस आत म्हणून मेशोमोशाय घरात रेनकोट घालून, टेबलाखाली चटईवर बसलेले.

"या बौमा," टेबलाखालून म्हणाले. "पाय पुसू नका, ओल चालते."

"मेशोमोशाय, अहो निजणार कुठं?"

"इथंच."

"आणि पलंग?"

"मी पलंगावर आडवा होऊन काय उगवणार आहे?"

चार दिवस ते टेबलाखाली निजले. मी खिचडी देत होते आणि मनातल्या मनात प्रत्येक गोष्ट टिपून घेत होते: रेनकोटाची टोपी टेबलाच्या खालच्या फळीला कशी घासते, ताट कुकरवर कसं ठेवलंय, बोट कुठं दाखवतात. मूर्ख बाई. समोर माणूस भिजतोय आणि हिला संक्रांतीचं हळदीकुंकू दिसतंय.

पाणी ओसरलं आणि जे दर वेळी होतं ते झालं. गल्लीतल्या प्रत्येक घरात कुणी ना कुणी जुलाबानं आडवं. नळाला गटाराचा वास. माणसं वाट्या, डबे घेऊन आमच्या जिन्यावर यायला लागली. मेशोमोशाय वरच्या पायरीवर बसून पलंगावरची पानं खुडून देत, प्रत्येकाला किती, कशाबरोबर, पाणी उकळून घ्या, हे चढ्या आवाजात सांगत. एक बाई आली, भिंतीला धरून उभी होती. तिचे डोळे पाहिले आणि वाटी परत दिली. "हिला पानं नकोत, हिला सलाइन हवं." आणि स्वतः, टेबलाखालून चार दिवसांनी निघालेला तो म्हातारा, चिखलातून रिक्षा आणायला गेला. बाई वाचली.

पण हे सगळं माझ्या नकलेत नव्हतं. माझी गोष्ट 'मी आडवा होऊन काय उगवणार आहे' इथं संपायची. कारण हशा तिथं येतो.

घर तिघांच्या नावावर होतं. मेशोमोशाय, त्यांची दुर्गापूरला राहणारी धाकटी बहीण आणि वारलेल्या भावाचा मुलगा. पुतण्याला घर बिल्डरला द्यायचं होतं. पाच मजली इमारत होणार, तिघांना फ्लॅट मिळणार. त्यात गैर काहीच नव्हतं, गल्लीतली निम्मी घरं तशीच गेली होती. पण तिन्ही सह्या हव्यात. मेशोमोशाय नाही म्हणत, आणि बहिणीनं पुतण्याला सांगून टाकलं होतं की दादा जोवर आपला आपण नीट राहतोय तोवर मीही सही करणार नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. स्वतः मेशोमोशायनीच सांगितलं होतं, विटा हलवता हलवता. म्हणजे माझ्या मूर्खपणाला अज्ञानाचासुद्धा आधार नाही.

पुतण्या एका रविवारी आला. पस्तिशीचा, मऊ बोलणारा, हातात संदेश मिठाईचा डबा. मेशोमोशाय बाजारात गेले होते, म्हणून खाली आमच्याकडे बसला. "आंटी, जेठू कसे आहेत? एकटे असतात, मला काळजी वाटते." जेठू म्हणजे थोरले काका. खरंच काळजी वाटत असावी. मी चहा टाकला. पाण्याची गोष्ट निघाली. मी सांगायला लागले, तो हसायला लागला, आणि मग माझं थांबेना. घरात कितीतरी महिन्यांत कुणी हसलं नव्हतं. हे आजारातून उठलेले, मी दमलेली, आणि समोर एक माणूस माझ्या एकेका वाक्याला मांडीवर थाप मारतोय. मी सरळ जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसले. पंचावन्नाव्या वर्षी, गुडघ्यांसकट.

"आंटी, एक मिनिट," तो म्हणाला. "माझ्या बायकोला दाखवतो. पुन्हा करता?"

पुढचं वर सांगितलंच आहे. उजेड, खिडकी, पदर. ह्यांनी आतून मला डोळ्यांनी खूण केली, नको. मला वाटलं, चहा नको म्हणताहेत. तो पोट धरून हसत होता, हात मात्र जरासुद्धा हलत नव्हता. हे मला नंतर आठवलं.

आठ दिवसांनी मेशोमोशाय जिना उतरून खाली आले. हातात खुरपं नव्हतं. "बहिणीचा फोन होता," म्हणाले. "विचारत होती, दादा, तू टेबलाखाली झोपतोस? पलंगावर गवत लावलंस? मी म्हटलं, हो, चार दिवस. तर रडायलाच लागली. मी कारण सांगायला लागलो तर म्हणते, हो दादा, हो दादा. लहान मुलाला म्हणतात तसं." मग विचारलं, "बौमा, त्या दिवसांत वर फक्त तुम्ही आला होता ना?"

"मी कुणाला काही बोलले नाही, मेशोमोशाय," मी म्हटलं.

हे दुसरं पाप. पहिल्याला निदान मूर्खपणाची सबब आहे.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. नंबर मिळवून बहिणीला दुर्गापूरला फोन लावला. माझी हिंदी, तिची हिंदी, दोन्ही लंगड्या. सांगितलं, ती पुढची गोष्ट राहिली, जिन्यावर माणसं आली, एका बाईचा जीव वाचला, तुमचे दादा पूर्ण शुद्धीत आहेत, माझ्याहून जास्त. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही भाडेकरू आहात ना? घर पडलं तर तुम्हाला जावं लागेल. मला समजतं." आणि फोन ठेवला. आयुष्यात एकदाच हसू न आणता गोष्ट सांगायला गेले, तर ऐकणाऱ्याला माझा मतलब दिसला.

बहिणीनं सही केली. मग मेशोमोशायनीही केली. मी विचारलं, का? तर म्हणाले, "ती आता रोज फोन करते आणि रोज रडते. माझ्या सहीनं रडणं थांबत असेल तर थांबू दे." निघायच्या आधी त्यांनी गल्लीत निरोप धाडला, ज्याला हवी त्यानं थानकुनी खणून न्यावी. वाटी घेऊन जिना चढणारी पंधरा-वीस घरं तरी होती. दोन बायका आल्या. बाकीच्यांनी बहुतेक तो व्हिडिओ पाहिला होता. वेड्याच्या अंगणातला पाला कोण खातं?

आम्ही बालीगंजला फ्लॅट घेतला, मुलगी तोवर तिथं जवळच राहायला आली होती म्हणून. त्या घरावर आता इमारत आहे. नव्या मेट्रोतून जाताना तिची टाकी दिसते. मी दुसऱ्या बाजूला बसते.

पुतण्यानं त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही, हेही लिहायला हवं. आपल्याजवळ नेलं. सातवा मजला, स्वतंत्र खोली, सकाळ-संध्याकाळ एक बाई कामाला. वर्षभर मी जायचं टाळलं. मग एक दिवस गेले. जाताना बाजारातून थानकुनीची एक जुडी घेतली, रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून. ते खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट घातलेला. मी त्यांना शर्टात कधी पाहिलंच नव्हतं, क्षणभर वाटलं, चुकीच्या खोलीत आले. जुडी हातात घेतली, हुंगली, बाजूला ठेवली. "गटाराकाठची आहे. खाऊ नका. टाकून द्या." आवाज तोच होता.

मी दारातच जे बोलायचं ठरवलं होतं ते बोलून टाकलं. मेशोमोशाय, तो व्हिडिओ माझा होता. आणि मी तुमच्याशी खोटं बोलले.

"माहीत आहे," ते म्हणाले. "पुतण्यानं मला तेव्हाच दाखवला होता. फोन यायच्या आधी."

म्हणजे जिना उतरून आले तेव्हा त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मला विचारलं होतं ते उत्तरासाठी नव्हतं. मी खाली बसले. बाईनं पाणी आणून दिलं. ती गेल्यावर ते म्हणाले, "मोबाइलवर नीट दिसत नाही. एवढंएवढंसं चित्र. करून दाखवा."

"काय?"

"तीच. माझी."

मी नाही म्हटलं. ते थांबून राहिले. त्यांच्या त्या थांबण्यापुढं माझे हे दीड महिना कडू गिळत होते, माझं काय चालणार? मी उठले. खोलीत टेबल होतं, त्याखाली गेले. खरं सांगते, पहिली दोन वाक्यं रडतच म्हटली, पण नंतर नक्कल मला ओढून घेऊन गेली, नेहमी नेते तशी. रेनकोटाची टोपी, कुकरवरचं ताट, 'पाय पुसू नका'. चांगली झाली. लाज वाटावी इतकी चांगली झाली. आणि 'काय उगवणार आहे' झाल्यावर मी थांबले नाही. पुढचं सुरू केलं, जिन्यावरची माणसं, ती भिंतीला धरून उभी असलेली बाई, तिच्यासाठी रिक्षा.

त्यांनी हात वर केला. "ते नको. तेव्हा जेवढं केलं होतं तेवढंच."

मी टेबलाखालून बाहेर आले. गुडघे धरून उभी राहिले. ते हसले नव्हते, रागावलेही नव्हते. माल तोलून झाल्यावर काट्याकडे बघावं तसे माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले,

"छान करता. एकही गोष्ट खोटी नाही त्यात. खोटी असती, बौमा, तर मला भांडता आलं असतं."